कविता कशी वाचावी : पोळ्याच्या झडतीपासून ‘औदुंबर’पर्यंत

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे झडत्या, म्हणजे चढाओढीने म्हणायच्या यमकाच्या ओळी, सुरू होतात. एक जण पुढे येतो आणि गळ्याच्या शिरा ताणून म्हणतो :

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशांसाठी
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सारं गाव ‘हर हर महादेव’ म्हणतं आणि दुसऱ्या बाजूचा गडी त्याच्यावर चढ झडती टाकतो. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा, ‘काकाजी, कविता वाचता का?’ ते हात झटकतील. ‘आपल्याले काय समजते बाप्पा कविता!’ म्हणतील.

समजते. ओळख तेवढी करून द्यावी लागते. मोर्शीकडचं आमचं संत्र्याचं गाव. तिथल्या वाचनालयात मी संध्याकाळी बसतो. शनिवारी हरिपाठ आटोपला की आठ-दहा जण थांबतात आणि आम्ही एक कविता वाचतो. कोणी नववीतलं, कोणी सत्तरीचं, दोघी-तिघींना अक्षरओळख नाही. या बैठकांमधून वाचायची जी रीत आमच्या हाताला लागली, ती इथे लिहून ठेवतो. तुम्ही एकटे असलात तरी याच वाटेने जाता येईल.

त्याआधी मनातलं एक सांगून टाकतो. शाळेत आम्हाला कविता भेटायची ती ‘कवीला काय सांगायचे आहे?’ या प्रश्नातून. उत्तर गाइडात छापलेलं असायचं. दहावीत मी रसग्रहणं पाठ केली, कविता एकही केली नाही, आणि मार्क चांगले पडले. पुढे कित्येक वर्षं कविता दिसली की मला परीक्षाच आठवायची. माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कवितेशी सोयरीक अशीच तुटली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून बैठकीत पहिला नियम आम्ही हाच केला : अर्थ सगळ्यात शेवटी.

१. एकच कविता घ्या, आणि लहान घ्या

पूर्ण कवितासंग्रह हाती घेऊन पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायला लागू नका. दहाव्या कवितेपर्यंत पहिली विसरलेली असते. आठवड्याला एक कविता पुरे. घरात शाळेचं पोर असेल तर त्याचं मराठीचं पुस्तक उघडा, बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवूनही घेता येतात. आठ-दहा ओळींची कविता निवडा. वाचून मनात जरा काही हललं, एखादा शब्द अडकला, तर तीच. काहीच हललं नाही तर पान उलटा, त्यात कवितेचाही अपमान नाही आणि तुमचाही नाही.

२. तोंडाने वाचा

कविता डोळ्यांनी वाचायची वस्तू झाली ती छापखाना आल्यावर. त्याआधी ती कानातून कानात जायची. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेने धवळे म्हटले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. म्हणजे मराठीतल्या आद्य कवयित्रीची कविता आमच्या संत्र्याच्या बागांपासून हाकेच्या अंतरावर जन्मली, आणि जन्मली तीही गळ्यातून.

तर मोठ्याने वाचा, आणि तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडं थांबून. तिसऱ्यांदा जिथे वाक्य पुरं होतं तिथे थांबून. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनात फरक पडला, तर कवीने ओळ मुद्दाम तिथे तोडली आहे असं धरा आणि त्या जागी पेन्सिलने खूण करा.

लय कळत नसेल तर बोटं मोजा. भजनी मंडळात सगळ्यांना येणारा तुकोबांचा अभंग घ्या :

सुंदर तें ध्यान उभें विटेवरी
कर कटावरी ठेवूनियां

‘सुंदर तें ध्यान’, सहा अक्षरं. ‘उभें विटेवरी’, सहा. ‘कर कटावरी’, पुन्हा सहा. ‘ठेवूनियां’, चारच. सहा-सहा-सहा-चार हा अभंगाचा एक मोठा साचा आहे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात बसतं : विटेवरी, कटावरी. आमच्याकडे मृदंग वाजवणारे एक आजोबा आहेत. चाळीस वर्षं हा अभंग वाजवला, पण अक्षरं कधी मोजली नव्हती. बोटं मोजून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘म्हून तं चौथ्या तुकड्यावर हात आपसूक सम गाठते.’ शेवटचा तुकडा आखूड आहे, म्हणून तिथे श्वासाला जागा मिळते. त्यांच्या हाताला हे ठाऊक होतं, आता डोक्यालाही ठाऊक झालं.

ज्ञानेश्वरी (१२९०) सुरू होते ती ओवीही अशीच मोजून पाहा. ‘ॐ नमो जी आद्या, वेदप्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या’ या तीन चरणांना यमक आहे, चौथा ‘आत्मरूपा’ आखूड आणि मोकळा. ग्रामगीतेचं पारायण तर आमच्याकडे गावोगाव होतं. तिच्या ४१ अध्यायांत ४,६७५ ओव्या आहेत. ज्याच्या कानावरून त्या गेल्या, त्याच्या कानात ओवीची घडण आधीच बसलेली असते.

काही कवितांमध्ये अक्षरं मोजून भागत नाही, तिथे मात्रा मोजाव्या लागतात. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. अनुस्वार असला किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की ऱ्हस्वाच्याही दोन. पहिल्याच दिवशी याच्यात शिरू नका.

३. जे दिसतं ते आधी सांगा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा बसू.

वरची झडती पुन्हा वाचा. काय दिसतं? रडणारा महादेव दिसतो, गाठी मारलेलं लुगडं दिसतं. झडतीत ‘गरिबी’ हा शब्दच नाही. ‘दुःख’ नाही, ‘दैन्य’ नाही. दोन पैसे आणि छप्पन गाठी आहेत. फाटलेलं लुगडं शिवायला सुईदोराही नसला की बाई गाठ मारते. दुसरीकडे फाटलं की दुसरी गाठ. या गाठी कोणीतरी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून त्या ओळीत आल्या. आणि हे लुगडं कोणाचं? जगाच्या आईचं. बैल धुऊन, रंगवून तोरणाखाली उभा केलेल्या माणसाने सणाच्या दिवशी देवाला आपल्या घरात आणून बसवलं आहे. आमच्या बैठकीत हे बोलणं झालं तेव्हा एक आजी पदराचं टोक बोटांत धरून कितीतरी वेळ गप्प होत्या.

म्हणून कवितेतल्या वस्तूंची यादी करा. माणसं कोण, झाडं कोणती, रंग कोणते, वेळ कोणती. ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न त्यानंतर.

आता बालकवींची ‘औदुंबर’. पूर्ण कविता आठच ओळींची आहे :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आधी ठेका. ‘ऐल तटावर’, आठ मात्रा. ‘पैल तटावर’, आठ. पाणी काठाला लागत जातं तसा हा आठाआठाचा ठेका पुढे सरकतो. तोंडाने म्हणा, लगेच लागेल.

मग आम्ही या कवितेचा नकाशा काढला. नववीतल्या एका मुलीने वाचनालयाच्या अंगणात काडीने रेघा ओढल्या. मधून झरा, झऱ्यात बेटं, पलीकडे टेकडी, टेकडीकडे चार घरं, घरांपुढे शेतमळे, त्यातून वाकडीतिकडी वाट. वाट डोहापर्यंत आणून तिने काडी थांबवली आणि विचारलं, ‘भाऊ, आपण कुठी उभे हाओ?’

हा प्रश्न कोणत्याही गाइडात सापडणार नाही. गाव ‘पैल’ म्हणजे पलीकडे आहे, म्हणजे पाहणारा अलीकडच्या काठावर आहे. तो गावात नाही, दुरून गाव पाहतो आहे. मग तिनेच पुढे शोधलं की या कवितेत माणूसच नाही. घरं माणसांची, शेतं माणसांची, वाट माणसांच्या पायांनी पडलेली, पण माणूस एकही दिसत नाही. वाटच चालते : ‘चालली काळ्या डोहाकडे’. शेवटच्या ओळीत ‘पाय टाकुनी जळात बसला’ इथपर्यंत आपल्याला वाटतं, सापडला एकदाचा माणूस. आणि कवितेचा शेवटचा शब्द सांगतो की ते झाड आहे. हा शब्द पहिल्या ओळीत आला असता तर? करून पाहा. कविता राहते, थरार जातो.

रंगही मोजा. हिरवा, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरवा, मग काळा, मग काळिमा. आठ ओळींत उजेडाकडून अंधाराकडे जाणं आहे. पण हा काळिमा ‘गोड’ आहे! इथे आमचं भांडण लागलं. एक जण म्हणे, डोह म्हणजे मरण, वाट तिकडेच जाते. कापूस वेचून आलेली एक वहिनी म्हणाली, ‘उन्हातून येऊन उंबराखाली पाण्यात पाय सोडून बसा, मंग समजन काळं पाणी कसं गोड लागते ते.’ जाणत्या समीक्षकांनीही या आठ ओळींवर पुष्कळ लिहिलं आहे. कोणाला तिच्यात उदासी दिसली, कोणाला समाधी लागलेला योगी. मला स्वतःला वहिनीचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं, कारण ते ‘गोड’ या शब्दाला धरून आहे. तुमचा अर्थ वेगळा असू शकतो, फक्त त्याला कवितेतल्या एखाद्या शब्दाचा आधार हवा. ‘मला असं वाटतं’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या शब्दामुळे वाटतं, त्यावर बोट ठेवा.

४. अडलेला शब्द सोडू नका, आणि आपला शब्द विसरू नका

शब्दकोश जवळ ठेवा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१) इंटरनेटवर शोधता येतो, दात्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही मिळतो. जुन्या कवितेसाठी या दोघांना पर्याय नाही.

पण काही शब्दांचा कोश गावातच असतो. बहिणाबाई चौधरींची ओळ आहे :

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

शहरातल्या मुलांच्या पुस्तकात ‘वढाय’ला (ओढाळ, सारखं भलतीकडे ओढ घेणारं) टीप द्यावी लागते. आमच्याकडे एका शेतकऱ्याने ओळ ऐकताच सांगितलं, ‘एकडाव का उभ्या पिकाची चटक लागली, का मंग त्या ढोराच्या गळ्यात लोढणं बांधा, नाही तं काय बी करा. रात्री धुरा फोडून वावरात जातेच.’ धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि लोढणं म्हणजे गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. धावताना तो पायांत येतो, पण ढोराची चटक मोडत नाही. मन म्हणजे ढोर, इतकं सगळ्यांनाच कळतं. पण हे ढोर वाईट नाही, भुकेलंही नाही, त्याला चव लागली आहे. हे वावरातल्या माणसाने सांगितल्याशिवाय उपमा पुरी उघडत नाही. बहिणाबाई (१८८०–१९५१) खानदेशातल्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कविता दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. त्यांची बोली आमच्या वऱ्हाडीला जवळची आहे. आमच्या बैठकीतल्या ज्या दोघी-तिघींना अक्षर येत नाही, त्यांना मी हे सांगितलं त्या दिवसापासून त्या पुढच्या रांगेत बसतात.

५. जे लिहिलं नाही तिथे थांबा

संत्र्याच्या झाडाला आपण ताण देतो. आंबिया बहार धरायचा तर थंडीत पाणी तोडतो. पानं मलूल होतात, बघवत नाही, तरी पाणी सोडत नाही. ताण पुरा झाला आणि मग पाणी दिलं, की फूल फुटतं. कवितेतही कवी कुठेतरी पाणी तोडतो, म्हणजे सांगता आलं असतं तरी सांगत नाही. महादेवाला दोन पैसे कशासाठी हवे होते? झडती सांगत नाही. वाट डोहाशी पोचली का? ‘औदुंबर’ सांगत नाही. अशा जागी घाईने स्वतःचं उत्तर भरू नका. जागा कुठे आहे एवढं ओळखून ठेवा आणि दोन दिवस कामं करता करता तिच्याकडे मन जाऊ द्या. मला पुष्कळ कविता अशा बागेला पाणी देताना उलगडल्या आहेत.

६. कवितेची जात ओळखा

प्रत्येक कविता एकाच पद्धतीने वाचून चालत नाही. गझल घ्या. तिच्यातला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गोष्ट शोधू नका. एक शेर वाचा, थांबा, मग दुसरा. दर शेराच्या शेवटी जशाच्या तसा येणारा शब्द म्हणजे रदीफ, त्याच्या आधीचं यमक म्हणजे काफिया. मराठी गझल रुजवणारे सुरेश भट (१९३२–२००३) आमच्या अमरावतीचे. लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, वाचणाऱ्यालाही ती उपयोगाची आहे.

मुक्तछंदात मोजायला काही नसतं. तिथे ओळ कुठे मोडली आहे तेवढं पाहा.

आणि काही कविता पहिल्या वाचनात हाती लागतच नाहीत. नागपूरच्या ग्रेस (१९३७–२०१२) यांची कविता अशी आहे. तिथे अर्थाच्या मागे धावलात तर दमाल. आधी आवाज ऐका, चित्रं पाहा, एखादी ओळ गुणगुणा. सहा महिन्यांनी परत या. न कळलेली कविताही आवडू शकते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

७. कवीचं चरित्र नंतर

बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, अठ्ठावीस वर्षांचेही पुरते नव्हते. हे मी बैठकीत मुद्दाम कविता वाचून झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांना डोहात फक्त मरणच दिसलं असतं, आणि वहिनी बोललीच नसती.

८. कविता पटली नाही तर तसं म्हणा

छापलं आहे म्हणजे चांगलंच असणार, असं नाही. आमच्या भागातल्या कविसंमेलनांत शेतकऱ्याच्या दुःखावर पुष्कळ कविता ऐकायला मिळतात. ते दुःख आमच्या घरातलं आहे, खरं आहे, म्हणूनच मी त्या कवितांकडून जास्त मागतो. ज्या कवितेत ‘बळीराजा’ चार वेळा येतो, पण वावरात कपाशी होती की तूर हेसुद्धा कळत नाही, ती माझ्या मनात टिकत नाही. छप्पन गाठींची ओळ टिकते. तुमची कसोटी वेगळी असेल. पण कविता का आवडली नाही ते दोन वाक्यांत लिहून पाहा. आवडलेल्या कवितेपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं, असा माझा अनुभव आहे.

९. वही घाला, पाठ करा, दुसऱ्याला ऐकवा

आवडलेली कविता हाताने उतरवा. मोबाइलवर फोटो काढला की ती फोटोंतच पडून राहते. उतरवताना स्वल्पविरामसुद्धा लक्षात येतो. मग पाठ करा, रोज दोन ओळी, गोठ्यात, बसमध्ये, कुठेही. पाठ झालेली कविता वेगळीच वागते, नको त्या वेळी आठवते आणि नवं काही दाखवते. नंतर कोणाला तरी म्हणून दाखवा. आमच्या एका आजींना मी ‘औदुंबर’ म्हणून दाखवली, तर त्यांनी बदल्यात जात्यावरची ओवी दिली :

पहिली माझी ओवी, तिफनीच्या चाड्याला
बंधूच्या मुठीतून, सुगी येऊ दे वाड्याला

मी विचारलं, चाडंच का? त्या म्हणाल्या, ‘बी तिथूनच तं खाली जाते.’ तिफनीच्या त्या लाकडी वाटीवर मूठ धरून दाणे सारखे सोडावे लागतात. मूठ चुकली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामा जातो. आजींनी मूठ वळवून दाखवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची पेरणी त्या मुठीत अजून होती.

अशा ओव्या, भुलाबाईची गाणी, झडत्या तुमच्याही गावात आहेत आणि म्हणणारी माणसं थकत चालली आहेत. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली मोबाइल सुरू ठेवा. रात्री घरी ऐकून वहीत उतरवा, आणि म्हणणाऱ्याने ‘पोया’ म्हटलं असेल तर ‘पोया’च लिहा, त्याचा ‘पोळा’ करू नका. एखादा शब्द कळला नाही तर दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे जा. कर असते त्या दिवशी, माणूस घरीच सापडतो.